टॉमसन, सर जॉन स्पॅरो डेव्हिड

(१० नोव्हेंबर १८४५ – १२ डिसेंबर १८९४). कॅनडाचे चौथे पंतप्रधान, न्यायाधीश व तेथील पहिल्या दंडसंहितेचे प्रवर्तक. जन्म हॅलिफॅक्स (नोव्हा स्कोशिया) येथे. वडील मूळचे आयर्लंडमधील वॉटरफर्डचे. त्यांनी मुलाला लघुलेखन शिकवले. ही विद्या टॉमसन यांच्या चांगलीच उपयोगी पडली. १८६५ मध्ये सनद मिळाली, पण वकिलीत जम बसेपर्यंत प्रांतिक विधानसभेतील भाषणे टिपून घेण्याचे काम त्यांनी केले. ॲनी ॲफ्लेक यांच्याशी लग्नापूर्वी झालेल्या पत्रव्यवहारातही लघुलिपीचा वापर आढळतो. विवाह १८७० मध्ये झाला. पुढल्याच वर्षी त्यांनी मेथडिस्ट पंथ सोडून रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला.

१८७७ मध्ये अँटिगोनिश मतदारसंघातून ते विधानसभेवर निवडून गेले, १८७८ मध्ये प्रांताचे महाधिवक्ता झाले. १८८२ मध्ये जेमतेम दोन महिने ते मुख्यमंत्री होते. निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला आणि त्याच वर्षी जुलैत ते नोव्हा स्कोशियाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले (हे प्रांतिक न्यायालय, कॅनडाचे सर्वोच्च न्यायालय निराळे). स्वभावाने ते न्यायासनावरच रमणारे होते. न्यायालयीन कार्यपद्धतीची फेररचना करणारा १८८४ चा प्रांतिक कायदा मुख्यतः त्यांचा. डलहौसी विद्यापीठात १८८३ मध्ये विधिशाखा सुरू झाली, तीत ते पुराव्याचा कायदा शिकवीत.

सप्टेंबर १८८५ मध्ये पंतप्रधान मॅक्डॉनल्ड यांनी त्यांना ओटावाला नेऊन न्यायमंत्री केले. मेटी (मूळ रहिवासी व युरोपीय यांच्या मिश्र वंशाच्या) लोकांचे नेते लुई रिएल यांना बंडाबद्दल नोव्हेंबरात फाशी झाली. मार्च १८८६ मध्ये टॉमसन यांनी संसदेत त्या निर्णयाचे समर्थन केले. शिक्षेच्या न्याय्यतेबद्दल आजही मतभेद आहेत.

त्यांची खरी कामगिरी म्हणजे १८९२ ची दंडसंहिता (अंमल १ जुलै १८९३). तिचा मुख्य आधार इंग्लंडमधील संहितेचा मसुदा असून तो प्रामुख्याने जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचा होता. भारताचा १८७२ चा पुराव्याचा अधिनियम रचणारे ते हेच. इंग्लंडने आपल्या या मसुद्याचा कायदा कधीच केला नाही, कॅनडाने केला. गुन्ह्यांची फेलनी व मिसडिमीनर अशी जुनी विभागणी तीत रद्द झाली. मात्र ही संहिता भारतीय दंडसंहितेइतकी स्वयंपूर्ण नव्हती. न्यायालयांना इंग्लिश सामान्यविधीचा आधार घेण्याची मुभा राहिली. आरोपीला स्वतःच्या बाजूने शपथेवर साक्ष देण्याची सर्वसाधारण मुभा १८९३ च्या पुराव्याच्या कायद्याने मिळाली; तोही टॉमसन यांच्याच कारकिर्दीतला.

१८९१ मध्ये मॅक्डॉनल्ड वारले. टॉमसन यांच्याइतका योग्य वारस पक्षात नव्हता. पण त्यांचे पंथांतर प्रॉटेस्टंट आँटॅरिओला रुचणार नाही म्हणून त्यांनी माघार घेतली व ॲबट पंतप्रधान झाले. ॲबट आजारी पडल्यावर डिसेंबर १८९२ मध्ये पद टॉमसन यांच्याकडे आले. १८९३ मध्ये बेरिंग समुद्रातील सील-शिकारीच्या वादात पॅरिस येथील लवादावर ते ब्रिटिश बाजूचे एक लवाद होते. मॅनिटोबा प्रांतातील कॅथलिक शाळांच्या हक्कांचा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही.

१२ डिसेंबर १८९४ रोजी विंझर किल्ल्यात राणी व्हिक्टोरियासमोर त्यांनी प्रिव्ही कौन्सिलच्या सदस्यत्वाची शपथ घेतली. त्यानंतर भोजनाच्या वेळी त्यांना भोवळ आली. सावरून ते टेबलाशी परतले, पुन्हा कोसळले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. काळ्या रंगाने रंगवलेल्या ‘ब्लेनहाइम’ या युद्धनौकेतून पार्थिव हॅलिफॅक्सला आणण्यात आले; ३ जानेवारी १८९५ रोजी दफनविधी झाला. मागे राहिलेली मालमत्ता दहा हजार डॉलरांहूनही कमी भरली; कुटुंबासाठी वर्गणी गोळा करावी लागली.