‘ब्रह्मचारी’ : आखाड्यात शिरलेले प्रेम

१/४ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात व्यायामशाळांना बहर आला. अमरावतीचा हनुमान आखाडा १९१४चा. बलोपासना, ब्रह्मचर्य आणि देशसेवा ही अनेकांच्या लेखी एकाच व्रताची अंगे होती.

२/४ १९३८ साली आचार्य अत्रे यांनी या व्रताची थट्टा मांडली. मास्टर विनायक दिग्दर्शित ‘ब्रह्मचारी’ चित्रपटातील औदुंबर एक भाषण ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतो, नट्यांची चित्रे फेकतो आणि व्यायामाला लागतो.

३/४ मग किशोरी येते. मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात गायिलेल्या गीताने खळबळ उडाली. व्रत डळमळते ते येथे. प्रेमात पुढाकारही तिचाच.

४/४ विनोदाचा रोख व्यायामावर नव्हता, प्रेमाला दुर्बलता ठरवणाऱ्या दंभावर होता. शरीर कमावण्यासाठी मन मारावे लागत नाही, हे महाराष्ट्राला हसता हसता ऐकावे लागले.