नव्या वनस्पतीचें बारसें

'अमुक डोंगरावर नवी वनस्पति सापडली,' अशी वार्ता आपण अधूनमधून वाचतों. मी शिकवीत असतांना मुलें हमखास विचारीत, "गुरुजी, ती नवी कशी? तेथल्या गुराख्यानें ती कधीं पाहिलीच नव्हती काय?" प्रश्न मार्मिक आहे. त्याचें उत्तर इतिहासांत शोधावें लागतें.

शास्त्राच्या दृष्टीनें वनस्पति 'नवी' ठरते ती तिचें वर्णन रीतसर प्रसिद्ध झाल्यावर. पान, फूल व फळ बारकाईनें तपासावयाचें, सजातीय वनस्पतींहून तिचा भेद दाखवावयाचा, दोन शब्दांचें लॅटिन धाटणीचें नांव द्यावयाचें आणि आधारभूत नमुना वाळवून संग्रहालयांत ठेवावयाचा, असा हा विधि आहे. तात्पर्य, शास्त्रज्ञ करतो तें बारसें. जन्म आधींच झालेला असतो, आणि पुष्कळदां घरचीं माणसें त्या मुलाला आपल्या नांवानें हांकही मारीत असतात.

याचें उत्कृष्ट उदाहरण मलबारांत घडलें. सतराव्या शतकांत, १६७० ते १६७७ या काळांत, हेन्ड्रिक व्हान रेडे हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा तेथील मुख्य अधिकारी होता. तो शिपाईगडी, वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु मलबारची हिरवीगार वनश्री पाहून तो थक्क झाला, आणि तिची समग्र नोंद करण्याचा त्यानें संकल्प सोडला. माणसें रानोमाळ हिंडून फुलाफळांसह फांद्या आणीत, चित्रकार तेथल्या तेथें चित्रें काढीत, आणि मग जाणते लोक त्या वनस्पतीचे गुणधर्म सांगत.

हे जाणते कोण होते? एक होता इट्टी अच्युदन, चेर्तल भागांतील ईळव समाजाचा वंशपरंपरागत वैद्य. दुसरे तिघे होते कोचीनचे कोंकणी ब्राह्मण : रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट. गोव्याकडून तिकडे जाऊन वसलेल्या समाजांतले हे लोक, आपल्या निघंटूच्या आधारें माहिती देत. वैद्याचें कथन दुभाषा पोर्तुगीज भाषेंत आणी, आणि शेवटीं सारें लॅटिनमध्यें उतरे.

असा सिद्ध झालेला 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ आम्स्टर्डाम येथें बारा खंडांत छापला गेला. पहिला खंड १६७८ सालीं निघाला, शेवटचा १६९३ सालीं. व्हान रेडे त्यापूर्वींच, १६९१ मध्यें, मुंबईनजीक समुद्रांत जहाजावर वारला. त्याचें थडगें सुरतेस आहे. सातशेंहून अधिक वनस्पतींची ही नोंद मात्र टिकली. विशेष म्हणजे अच्युदनाची मल्याळम साक्ष आणि तिघा ब्राह्मणांची नागरी लिपींतील कोंकणी साक्ष, दोन्ही १६७५ सालच्या, रेडेनें पहिल्या खंडांत जशाच्या तशा छापल्या.

पुढें १७५३ सालीं स्वीडनच्या कार्ल लिनिअसनें 'स्पीशीज प्लॅंटारम' ग्रंथांत वनस्पतींना दोन शब्दांचीं नांवें दिलीं. तो हिंदुस्थानांत कधींच आला नाहीं. मलबारच्या कितीतरी वनस्पती त्यानें रेडेच्या चित्रांवरून ओळखल्या, आणि त्यांतील कित्येक नांवांना आजही वाळल्या नमुन्याऐवजीं त्या चित्राचाच आधार आहे. वेलदोड्याच्या शास्त्रीय नांवांतील 'एलेटारिया' हा शब्ददेखील रेडेनें टिपलेल्या मल्याळम नांवावरून आला आहे. परंतु नांवापुढें संक्षेप लागतो तो वर्णन प्रसिद्ध करणाऱ्याचा. लिनिअसचें आद्याक्षर शेंकडों नांवांपुढें आहे. अच्युदनाचें एकाही नाहीं. नियम वावगा आहे असें मी म्हणत नाहीं. वर्णनाची जबाबदारी कोणाची, हें कळण्यास तो हवाच. पण जबाबदारी एकाची असली तरी ज्ञान अनेकांचें असतें.

याहून मोठा अन्याय वेगळाच झाला. ज्यांच्या मुखांतून हें ज्ञान निघालें त्यांच्याच वंशजांना तें लॅटिनच्या कुलपांत बंद झालें. कालिकतचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनीं अनेक दशकें खपून त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. तें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. मल्याळम आवृत्ति २००८ सालीं आली. म्हणजे मलबारचें ज्ञान मलबारच्या भाषेंत परत यावयास पहिल्या खंडापासून ३३० वर्षें लागलीं.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या सह्याद्रींतील एखाद्या नव्या फुलाची वार्ता ऐकाल तेव्हां नांव ठेवणाऱ्या विद्वानाचें अभिनंदन अवश्य करा. पण त्या डोंगराखालचे लोक त्याला काय म्हणतात, हेंही विचारा. तें नांव, गांव आणि तारीख वहींत टिपून ठेवा. जाणतें माणूस गेलें म्हणजे घरचें नांवही त्याच्याबरोबर जातें, आणि मग तें सांगावयास कोणताही ग्रंथ पुढें येत नाहीं.