कार्यानुभवाचा तास आणि माझी पेटी

कार्यानुभवाच्या तासाला मुलगे सुतारकामाला आणि आपण मुली शिवणाला जायचो, आठवतं? ही वाटणी जुनीच. फिनलंडने 1866 मध्ये खेड्यांतल्या शाळांत हस्तकाम सक्तीचं केलं, तेही मुलग्यांनाच. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. पुढे झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात सूतकताईबरोबर सुतारकामही आलं. कोठारी आयोगाने (1964–66) कार्यानुभवाची शिफारस केली आणि तो तास आपल्यापर्यंत पोचला.

मी सुतारकाम शिकले ते घरी. बाबा दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये सुतार होते. 1948 ची पहिली एस.टी. लाकडी बॉडीची होती, हे ते अभिमानाने सांगत. आठवीत असताना एका रविवारी त्यांनी मोडक्या पाटाची फळी माझ्यापुढे ठेवली. गुण्या लावून रेघ मारायची, करवत रेघेच्या किंचित बाहेरून चालवायची, उरलेलं पटाशीने हळूहळू काढायचं. "जास्त कापलंस तर परत जोडता येत नाही," एवढंच ते म्हणाले. आज प्रोग्राममधली चूक मी एका बटणाने मागे घेते, तेव्हा ते वाक्य हमखास आठवतं.

ती पेटी सुतारकामाच्या सरांना दाखवायचं धाडस तेव्हा झालं नाही. सर, मेळाव्याला घेऊन येते आहे. झाकण एका कोपऱ्यात अजून अडतं. का, ते तुम्हीच सांगा.