पायांवर पेटणारा दिवा

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळी दिवेलागणीला रस्त्यांवर एक बारीक घरघर सुरू होई. ती डायनॅमोची. सायकलीला दिवा लावणे ही हौस नव्हती बरं का! दिवा नसला की पोलीस अडवी, आणि दंड भरावा लागे.

डायनॅमोच्या आधी सायकलीला रॉकेलचा कंदील असे. एखादा खड्डा लागला की तो विझे. पोलिसाने हटकले की स्वार म्हणे, "साहेब, आत्ताच विझला!" मग पोलीस कंदिलाला हात लावून बघे, काच गरम आहे की गार. जुनी माणसे हा किस्सा अशा खुशीत सांगतात, की खोटा म्हणवत नाही. कार्बाइडचे दिवेही होते. खड्यांवर थेंबथेंब पाणी पडे आणि निघालेला वायू जळे. उजेड लख्ख, पण वास आणि खटाटोप फार.

डायनॅमोला ना रॉकेल लागे ना बॅटरी. तत्त्व फॅरेडेने १८३१ साली दाखवले तेच: तारेच्या वेटोळ्यापाशी चुंबक फिरला की तारेत वीज उत्पन्न होते. बाटलीच्या आकाराचे ते यंत्र टायरच्या कडेला टेकवायचे. डोक्यावरची खाचांची चकती टायरबरोबर फिरते आणि आतला चुंबक फिरवते. वीज मिळे ६ व्होल्ट, ३ वॅट. पायांना मात्र त्याच्या दोनतीन पट मेहनत पडे. यातली एक गंमत पाहा. वेग वाढला की विजेचा दाबही वाढतो, पण त्याच वेळी वेटोळ्याचा अडथळाही वाढतो. त्यामुळे प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपासच राहतो, आणि उतारावर सुसाट सुटले तरी दिवे सहसा जळत नाहीत. पण पुढचा दिवा गेला, की त्याच्या वाटची वीजही मागच्या इवल्या दिव्यावर येते आणि तोही जातो. पुष्कळांनी याचा दोष नशिबाला दिला असेल!

हडपसरला या दिव्याची खरी परीक्षा होती. पूल गेट मागे पडले, भैरोबा नाला ओलांडला, की रामटेकडीवरून सोलापूर रस्त्याने पुढे जायचे. पाळी सुटलेल्या कामगाराला मागून येणाऱ्या ट्रकला दिसणे भाग होते. आणि नेमका डायनॅमो इथेच कमी पडे. सायकल थांबली की अंधार. चढावर वेग मंदावला की दिवा मिणमिणे. पावसात टायर ओला झाला की चकती घसरे. म्हणजे माणूस दमला, की दिवाही दमला.

याच हडपसरात किर्लोस्कर न्यूमॅटिकचा कारखाना उभा राहिला. ही कंपनी १९५८ची. पण किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात कशाने झाली? बेळगावात लक्ष्मणरावांनी १८८८ साली काढलेल्या सायकलींच्या दुकानाने. त्या घराण्याच्या कारखान्याकडे कामगार सायकलीवरून जावेत, हा योग मला मोठा मौजेचा वाटतो.

पुढे स्कूटरी आल्या आणि घरघर विरत गेली. यंत्र मात्र सुधारत राहिले. चाकाच्या तुंब्यातच डायनॅमो बसवायची युक्ती नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३०च्या दशकातच बाजारात आणली होती. ओल्या टायरचा प्रश्न तिने मिटवला. एल.ई.डी. दिव्यांना वीज अगदी थोडी पुरते. कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठवली, की सायकल थांबल्यावरही दिवा काही मिनिटे जळत राहतो. आता आऱ्यांवर नुसते चुंबक बसवतात. ते दिव्याजवळून जाताना टायरला स्पर्शही न करता वीज तयार होते.

असे सदा लुकलुकणारे दिवे डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ साली वर्षभर आजमावले गेले. सुमारे ३,८०० सायकलस्वारांपैकी निम्म्यांना दिवे दिले. स्वाराला इजा झाली असे अपघात या दिवेवाल्यांत १९ टक्क्यांनी कमी भरले. मुद्दा असा, की दिवा दिवसाही चालू होता आणि तो लावायची आठवण कोणाला ठेवावी लागत नव्हती.

सोलापूर रस्त्यावर २००६च्या डिसेंबरात हडपसरपर्यंत बी.आर.टी.चा बसमार्ग सुरू झाला, आणि त्याच्या कडेने सायकलींसाठी वेगळा पट्टाही आखला गेला. पट्ट्याला कडा असते, पण जिथे तो तुटतो, तिथे सायकलवाल्याला पुन्हा मोटारींच्या गर्दीत शिरावे लागते. मागचा लाल ठिपका हवा असतो तो तिथे.