मिरजेचा तंबोरा : जुनेपणाचा पुरावा कुठे शोधावा?

‘शंभर वर्षांपूर्वीचा, अस्सल मिरजेचा.’ जुन्या तंबोऱ्याविषयी असे सांगितले जाते, तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने पहिला प्रश्न विचारावा तो असा : यातील नेमका कोणता भाग शंभर वर्षांचा?

मिरजेत तंतुवाद्ये घडू लागली ती एकोणिसाव्या शतकात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी हा व्यवसाय उभा केला, असे मानले जाते. त्यांचे वंशज पुढे ‘सतारमेकर’ झाले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्या गायकांचा वावर आणि नंतर अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य यांमुळे कारागिरांना पारखी गिऱ्हाईक दारातच लाभले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून ‘अस्सल’ या शब्दाला कायद्याचेही वजन आले आहे. मात्र मानांकन गाव सांगते, वय नव्हे.

तपासणीला घोडीपासून आरंभ करण्याचा मोह होतो, पण तेथे फारसे हाती लागत नाही. जवारी काढताना घोडी वारंवार घासली जाते आणि झिजली की बदलली जाते. खुंट्यांचेही तेच. खरी जागा म्हणजे भोपळा व दांडी जोडणारा गळा. तारांचा ताण आणि प्रवासातील धक्के दोन्ही येथेच जाणवतात. गंमत अशी, की कोरीव पानांची नक्षी नेमकी याच सांध्यावर असते. ती शोभेसाठी असली, तरी खालची भेग झाकायलाही सोयीची! म्हणून पानांच्या कडेने नख फिरवून पाहावे. एखादे पान इतरांहून जाड, किंवा त्याच्या कोरणीचा हात वेगळा वाटला, तर तेथे कोणीतरी नंतर काम केलेले असण्याचा संभव आहे. भोपळ्यावर बोटाने हलके टिचकी मारत गेल्यास बुजवलेल्या भेगेपाशी आवाज बद्द होतो.

परदेशांत जुनी इलेक्ट्रिक गिटार पारखणारे अतिनील दिवा वापरतात. मूळ आणि नंतरचा रंग त्या प्रकाशात निरनिराळे दिसतात. तंबोऱ्यावरही हा प्रयोग करता येतो, कारण लाखेचे पॉलिश नारिंगी चमकते. परंतु दुरुस्ती करणाऱ्यानेही लाखच वापरली असेल, तर दिवा फसवतो.

नक्षीचे द्रव्य अधिक प्रामाणिक साक्षीदार ठरते. सेल्युलॉइडचे व्यापारी उत्पादन १८७० च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाले. तेव्हा ‘१८६० चा’ म्हणवणाऱ्या तंबोऱ्यावर त्याची पट्टी आढळली, तर ती पट्टी तरी नंतरचीच. उलट, हस्तिदंत दिसला म्हणून वाद्य फार जुने, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. जुन्या मोडक्या वाद्यावरचे तुकडे नव्यावर बसवणे अवघड नाही.

गिटारच्या संग्राहकाला दुरुस्ती आढळली, की किंमत घसरते. गवयाचा हिशेब निराळा आहे : भेग सांधलेला तंबोरा सुरात बोलत असेल, तर तो चांगलाच. संग्रहालयाच्या नोंदवहीत मात्र भोपळा, दांडी, तबकडी आणि घोडी यांची वये स्वतंत्रपणे लिहावी लागतात, आणि चारही रकान्यांत एकच साल क्वचितच येते.