ई-रीडर घेताय? आधी झेरॉक्स आणि व्हॉट्सॲपवर ही परीक्षा करून पाहा

आंधळगाव (ता. मोहाडी) : कोसा विणकरांचं गाव म्हणून ओळख असलेल्या आंधळगावातच नव्हे, तर जिल्ह्यातल्या सातही तालुक्यांत आता पुस्तकं मोबाइलवर पोहोचली आहेत. शाळेची पुस्तकं, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, कथा-कादंबऱ्या, सगळं पीडीएफमध्ये मिळतं. पण मोबाइलवर तासन्‌तास वाचताना डोळे चुरचुरतात, त्यात मेसेज येत राहतात आणि बॅटरीही उतरते. म्हणून अनेकांच्या मनात प्रश्न येतो, फक्त वाचण्यासाठी असलेलं ते काळं-पांढरं यंत्र, म्हणजे ई-रीडर, घ्यावं का? दहा-पंधरा हजार रुपयांचा मामला आहे. धानाच्या चुकाऱ्यातून किंवा मजुरीतून हे पैसे काढायचे असतील, तर आधी पुढची माहिती वाचून घ्या.

ई-रीडर म्हणजे नेमकं काय?

मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो. ई-रीडरचा पडदा तसा नसतो. त्यात अतिशय बारीक कुप्या असतात आणि त्यात काळे व पांढरे कण असतात. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. एकदा पान उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, वीज खर्च होते ती पान उलटताना. म्हणून याची बॅटरी दिवसांत नव्हे, आठवड्यांत मोजतात. दोन दिवस लाइन गेली तरी वाचन थांबत नाही. धुऱ्यावर भर उन्हात बसलात तरी छापील पुस्तकासारखं स्पष्ट दिसतं. रात्रीसाठी बहुतेक यंत्रांत पडद्याच्या कडेला छोटे दिवे असतात.

हे तंत्र ज्या ई इंक कंपनीचं आहे, ती १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. ॲमेझॉनचं पहिलं किंडल २००७ मध्ये आलं. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे मिळू लागली ती डिसेंबर २०१६ पासून.

कमतरताही समजून घ्या. यावर व्हिडिओ चालत नाहीत. पान बदलताना पडदा क्षणभर लुकलुकतो. स्वस्त यंत्रात रंग नसतात, त्यामुळे नकाशे आणि रंगीत आकृत्या करड्याच दिसतात. ऑनलाइन क्लास करायचे असतील तर हे यंत्र कामाचं नाही.

पहिली परीक्षा झेरॉक्सच्या दुकानात

बहुतेकांची फसगत होते ती पडद्याच्या आकारात. आपल्याकडच्या पीडीएफ जास्त करून ए-४ कागदाच्या, म्हणजे २१ सेंटिमीटर रुंद असतात. ६ इंची ई-रीडरचा पडदा जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे १२ आकाराचं अक्षर तिथे ५ च्या आसपास दिसतं. ७ इंची पडद्यावर ते साधारण ६ होतं, तर १०.३ इंची पडद्यावर ९.

हे घरबसल्या तपासता येतं. तुम्ही नेहमी वाचता त्या पीडीएफचं एक पान काढा आणि झेरॉक्सवाल्याला ते ५० टक्के लहान करून मागा. ७ इंची रीडरवर पान साधारण तेवढंच दिसेल, ६ इंचीवर त्याहून थोडं लहान. ते पान अर्धा तास वाचून बघा. जमलं तर ठीक. डोळ्यांवर ताण आला तर दहा हजार वाचले असं समजा. यंत्र आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचता येतं, पण त्यासाठी सतत वर-खाली करावं लागतं.

दुसरी परीक्षा व्हॉट्सॲपवर

सगळ्या पीडीएफ सारख्या नसतात. मोबाइलवर पीडीएफ उघडा, एक ओळ बोटानं दाबून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

१. मराठी ओळ जशीच्या तशी आली, तर ती फाइल युनिकोडमध्ये आहे. ती ई-रीडरच्या पुस्तकात बदलता येण्याची शक्यता चांगली आहे. मग अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं.

२. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ आला, तर फाइल जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. तिचं रूपांतर केलं तर वाचता न येणारा मजकूर मिळतो. ती पीडीएफ म्हणूनच वाचावी लागेल.

३. ओळ निवडताच आली नाही, तर ते पानांचे नुसते फोटो आहेत. अशा फाइलला मोठा पडदाच हवा.

तुमच्या बहुतेक फाइल दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारच्या असतील, तर ६ इंची स्वस्त रीडर घेऊन पस्तावाल.

कोणतं घ्यायचं?

*साधं किंडल (६ इंच) :* २०२२ मध्ये हे मॉडेल भारतात ९,९९९ रुपयांना आलं होतं. १६ जीबी जागा, टाइप-सी चार्जिंग. कथा, कादंबरी, चरित्र वाचणाऱ्याला पुरेसं. पाण्यापासून संरक्षण नाही.

*किंडल पेपरव्हाइट (७ इंच) :* एप्रिल २०२५ मध्ये भारतात किंमत १६,९९९ रुपये होती. पाण्याचा धोका कमी, आणि रात्री वाचण्यासाठी पिवळसर उजेडाची सोय.

*अँड्रॉइडवर चालणारे रीडर (बूक्ससारखे) :* यात प्ले स्टोअरचे ॲप टाकता येतात. १० इंची मॉडेल पीडीएफसाठी सगळ्यात सोयीचं, पण किंमत बरीच जास्त.

किमती आणि उपलब्धता बदलत राहतात, सणासुदीच्या सेलमध्ये फरक पडतो. पैसे भरण्याआधी त्या दिवसाचा भाव आणि वॉरंटी कोण देणार हे बघा. पडदा फुटला तर दुरुस्ती परवडत नाही, म्हणून कव्हर सोबतच घ्या.

जुनं यंत्र घेत असाल तर तीन गोष्टी तपासा. पडद्यावर न जाणाऱ्या रेषा आहेत का, चार्जिंग होतं का, आणि आधीच्या मालकानं आपलं खातं काढलं आहे का. खातं काढलेलं नसेल तर व्यवहार करू नका.

फुकट मराठी पुस्तकं कुठे?

यंत्र घेतल्यावर प्रत्येक पुस्तक विकतच घ्यावं लागतं असं नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर अनेक ग्रंथ मोफत आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तकं विनामूल्य देतं. मराठी विकिस्रोतवर हक्कमुक्त जुनी पुस्तकं आहेत आणि ती ईपब स्वरूपात उतरवता येतात. छोट्या पडद्यासाठी ईपब सगळ्यात चांगलं, कारण त्यात अक्षर पडद्याप्रमाणे मांडलं जातं. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक हक्कमुक्त होतं, म्हणून १९५० मध्ये निधन झालेल्या साने गुरुजींचं लेखन आज सगळ्यांसाठी खुलं आहे.

किंडलमध्ये ईपब आणि पीडीएफ ‘सेंड टू किंडल’ या सोयीनं मोबाइलवरून पाठवता येतात. त्यासाठी मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो. जुनं किंडल हॉटस्पॉट पकडत नसेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडा.

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं का?

पूर्ण नाही. किंडलवरचं पुस्तक म्हणजे वाचायची परवानगी. २००९ मध्ये ॲमेझॉननं जॉर्ज ऑरवेलची विकलेली पुस्तकं ग्राहकांच्या यंत्रातून परस्पर काढून टाकली होती, नंतर कंपनीला माफी मागावी लागली. फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून ठेवायची सोयही बंद झाली. छापील पुस्तक वाचून झाल्यावर शेजाऱ्याला देता येतं, तसं इथे होत नाही. मोफत उतरवलेल्या फाइलची एक प्रत मात्र मोबाइलमध्ये किंवा पेनड्राइव्हवर जरूर ठेवा.

मग घ्यावं की नाही?

रोज तासभर किंवा जास्त वाचन आणि त्यात गोष्टीची पुस्तकं जास्त असतील, तर ६ इंची रीडर वसूल होतो. स्पर्धा परीक्षेच्या पीडीएफच वाचायच्या असतील, तर छोटा रीडर टाळा. त्या पैशात महत्त्वाच्या नोट्सच्या प्रिंट काढणं किंवा छापील पुस्तकं घेणं जास्त फायद्याचं. आणि वाचनाची सवय अजून लागायची असेल, तर आधी मोबाइलवर किंडलचं मोफत ॲप टाका आणि महिनाभरात दोन पुस्तकं संपवून बघा. ती संपली तर यंत्राचा विचार करा. नाही संपली तर गावातल्या किंवा तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी भरा, ती यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.