कागद की जुनेर? दिल्लीतील एका पुस्तिकेची आणि घरगुती मास्कची गोष्ट

२०२० च्या मार्चअखेरीस, देशव्यापी टाळेबंदी लागू होऊन जेमतेम आठवडा होत आला असताना, दिल्लीतील भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. प्रा. के. विजयराघवन तेव्हा या पदावर होते. पुस्तिकेचा विषय होता घरच्या घरी मास्क कसा तयार करावा. साहित्यही घरातलेच होते: जुने सुती कापड, कात्री, सुईदोरा. शिलाई यंत्र असलेल्यांसाठी एक कृती होती, नसलेल्यांसाठी दुसरी.

या पुस्तिकेमागे मोठी निकड होती. १३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर यांचा समावेश अत्यावश्यक वस्तूंमध्ये केला होता. २१ मार्चला दोन पदरी मास्कची कमाल किंमत ८ रुपये आणि तीन पदरी मास्कची १० रुपये ठरवण्यात आली. तरीही मूळ प्रश्न सुटणारा नव्हता. रुग्णालयांनाच मास्क कमी पडत असताना कोट्यवधी नागरिकांनी ते विकत घेतले असते, तर डॉक्टर आणि परिचारिका यांच्या वाट्याला काय उरले असते? म्हणून नागरिकांनी आपला मास्क घरीच करावा, हा मार्ग पुढे आला.

हाच पेच काही आठवडे आधी हाँगकाँगमध्ये उभा राहिला होता. तेथे निवडलेले साहित्य मात्र वेगळे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथील डॉक्टर व अभियंत्यांनी स्वयंपाकघरातील कागदी रुमालांपासून एकदाच वापरायच्या मास्कची कृती लोकांसमोर ठेवली. किचन पेपरचे दोन थर, चेहऱ्याच्या बाजूला टिश्यू पेपरचा एक थर, कडांना चिकटपट्टी, नाकावर बसण्यासाठी बारीक तार आणि कानांसाठी रबर. त्यावर पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरचा पडदा चष्म्याला चिमट्यांनी अडकवायचा. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँगमधील चाचण्यांत या मास्कची गाळणक्षमता शस्त्रक्रियेच्या मास्कच्या ८० ते ९० टक्के भरल्याचे जाहीर झाले.

कागदी मास्क ही कल्पना मात्र नवी नव्हती. १८९७ मध्ये ब्रेस्लाऊ येथे कार्ल फ्लुगे यांनी बोलताना उडणाऱ्या तुषारांतून जंतू पसरतात हे दाखवले, आणि त्याच शहरातील शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीदार कापड बांधण्यास सुरुवात केली. १९१०-११ च्या मांचुरियातील फुप्फुसाच्या प्लेगमध्ये पेनांगमध्ये जन्मलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी कापसाची गादी आणि जाळीदार कापड यांचा मास्क प्रचारात आणला. मास्क नाकारणारे फ्रेंच डॉक्टर मेस्नी काही दिवसांतच त्या रोगाला बळी पडले. १९३० च्या दशकात पाश्चात्त्य रुग्णालयांत धुऊन वापरायच्या मास्कच्या जोडीला फेकून द्यायचे कागदी मास्क आले, आणि १९६० च्या दशकात त्यांची जागा कृत्रिम तंतूंच्या, न विणलेल्या कापडाने घेतली. एकदा वापरून टाकून देण्याची सवय तेथून रुजली. साठा संपला की पुढे काय, या प्रश्नाचे बीजही त्याच सवयीत होते.

कागद नेमके काय अडवतो? किचन पेपर हा लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजच्या तंतूंचा थर असतो. हे तंतू साधारणपणे २० ते ४० मायक्रोमीटर रुंद असतात. शस्त्रक्रियेच्या मास्कमधील मधल्या थराचे तंतू काही मायक्रोमीटर इतकेच बारीक असतात, आणि त्यांच्यावरील स्थिर विद्युतभार सूक्ष्म कणांना ओढून घेतो. कागदावर असा टिकाऊ विद्युतभार नसतो. मोठे तुषार तंतूंवर आदळून थांबतात. अतिसूक्ष्म कण मात्र बऱ्याच प्रमाणात पार होतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील यी कुई, स्टीव्हन चू आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये घरगुती साहित्याची चाचणी केली, तेव्हा कागदी वस्तूंची गाळणक्षमता १० ते २० टक्के आणि सुती, रेशमी, पॉलिएस्टर वगैरे कापडांची ५ ते २५ टक्के आढळली.

मग हाँगकाँगचे ८० ते ९० टक्के आणि स्टॅनफर्डचे १० ते २० टक्के यांचा मेळ कसा घालायचा? पहिला आकडा तुलनेचा आहे: शस्त्रक्रियेचा मास्क जितके अडवतो, त्याच्या किती प्रमाणात हा तीन पदरी मास्क अडवतो. दुसरा आकडा अतिसूक्ष्म कणांवर घेतलेल्या कडक चाचणीत साहित्य स्वतः किती टक्के कण थांबवते हे सांगतो. कणांचा आकार, हवेचा वेग आणि थरांची संख्या बदलली की आकडा बदलतो. साधा हिशेब करून पाहावा. एक थर १५ टक्के कण अडवत असेल तर ८५ टक्के पुढे जातात. दुसऱ्या थरानंतर सुमारे ७२ आणि तिसऱ्यानंतर ६१ टक्के उरतात. म्हणजे तीन थर मिळून ३९ टक्के अडवतात. मात्र थर वाढले की श्वासाला होणारा अडथळाही वाढतो, आणि हवा गालाजवळच्या फटींतून वाट काढते. तेथून गेलेली हवा गाळली जातच नाही.

दिल्लीच्या पुस्तिकेने कागदाऐवजी कापड निवडले, त्याची कारणे भारतीय घरात सापडतात. किचन रोल ही बहुसंख्य घरांत नसलेली वस्तू. जुनेर मात्र प्रत्येक घरात असते. श्वासाच्या ओलाव्याने साध्या टिश्यू पेपरमधील तंतूंची पकड सैल होते आणि तो फाटतो. किचन पेपर ओला झाल्यावर टिकावा म्हणून त्यात राळेसारखे रसायन मिसळलेले असते. कागदी मास्क रोज नवा करावा लागतो, कापड धुता येते. पुस्तिकेने प्रत्येकासाठी दोन मास्क सुचवले. साबण आणि गरम पाण्याने धुऊन मास्क किमान ५ तास कडक उन्हात वाळवावा. ऊन नसेल तर मीठ घातलेल्या पाण्यात प्रेशर कुकरमध्ये किमान १० मिनिटे उकळावा. निर्जंतुकीकरणाचे यंत्र म्हणून कुकर सुचवणारी ही पुस्तिका आपल्या वाचकांना ओळखून होती.

पुस्तिकेचा एक आधार केंब्रिजमधील २०१३ च्या अभ्यासाचा होता. दुहेरी सुती कापड शस्त्रक्रियेच्या मास्कच्या सुमारे ७० टक्के परिणामकारक ठरते, असे पुस्तिकेने त्यावरून सांगितले. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्षही वाचण्याजोगा आहे: तुषार रोखण्यात शस्त्रक्रियेचा मास्क घरगुती मास्कच्या तिप्पट प्रभावी ठरला, आणि घरगुती मास्क हा शेवटचा उपाय मानावा. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरगुती मुखपट्टीचा सल्ला देताना मर्यादा स्पष्ट केली: आरोग्य कर्मचारी, रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्ती यांच्यासाठी ती नाही. ८ एप्रिल २०२० रोजी दिल्ली आणि मुंबई या दोन्ही शहरांत घराबाहेर मास्क सक्तीचा झाला, आणि कापडी मास्कही चालेल असे ठरले.

पुढे पुरवठा सुधारला. आयआयटी दिल्लीशी संलग्न असलेल्या ईटेक्स या नवउद्योगाने एप्रिलमध्येच ‘कवच’ हा ४५ रुपयांचा मास्क आणला. मग टाकून दिलेल्या मास्कचा प्रश्न उभा राहिला. जुलै २०२० मध्ये दिल्लीतील केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घरांतील वापरलेले मास्क कागदी पिशवीत ७२ तास ठेवून, कापून मगच कचऱ्यात टाकावेत अशी सूचना दिली. कचरा हाताळणाऱ्यांचा जीव त्यात गुंतलेला होता.

बांगलादेशातील ६०० गावांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. मास्कचा प्रसार केलेल्या गावांपैकी शस्त्रक्रियेचे मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला. कापडी मास्कबाबत निष्कर्ष तितका ठाम निघाला नाही. यावरून २०२० चा सल्ला चुकीचा होता असे म्हणता येत नाही. त्या आठवड्यांत बहुसंख्य लोकांपुढे निवड होती ती जुनेर आणि उघडा चेहरा यांमध्ये. विज्ञानाने तेव्हा हाताशी असलेल्या पुराव्यावर उत्तर दिले आणि पुढे तेच उत्तर तपासूनही पाहिले. टंचाईच्या काळात असे उत्तर देताना त्याची मर्यादा त्याच वाक्यात सांगणे हे शास्त्रज्ञांचे काम असते, आणि ती मर्यादा वाचून घेणे हे वाचकांचे.